पाणथळ जागेतील चावरे कीटक : उल्हास खोऱ्याचा धडा

ऊस विकास अधिकारी, शेती खाते



२७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्टेशनांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. गाडीत सुमारे १,०५० माणसे होती. आपत्ती दलाच्या बोटी आल्या, नौदलाची हेलिकॉप्टरे आली आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. पुढच्या दहा-बारा दिवसांतच कृष्णा-पंचगंगेने आपल्याकडे काय केले ते मी सांगायला नको.

पुराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. हा लेख पूर ओसरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल आणि एकूणच पाण्याच्या आश्रयाने वाढणाऱ्या चावऱ्या किड्यांबद्दल आहे. पूर चालू असतो तेव्हा डास उलट कमी होतात, कारण जोराच्या पाण्याबरोबर त्यांच्या अळ्या वाहून जातात. पाणी उतरते, खड्ड्याखळग्यांत, शेताच्या खोलगट कोपऱ्यात, पडक्या हौदात थोडे थोडे मागे राहते, वर ऊन पडते, आणि आठ-दहा दिवसांत त्या साचलेल्या पाण्यातून डासांची नवी पिढी बाहेर पडते. अंडे, अळी, कोष आणि डास ही चार रूपे उन्हाळी हवेत साधारण एवढ्याच दिवसांत पुरी होतात. हा आठ-दहा दिवसांचा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे तो परत परत लागणार आहे.

उल्हास खोरेच उदाहरणाला का घेतले, तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे रेल्वेने अवघ्या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, आणि तेवढ्या पट्ट्यात डासाला लागणारे तिन्ही प्रकारचे पाणी पाहायला मिळते. शिवाय आपल्या भागातली पुष्कळ पोरे मुंबईच्या नोकरीसाठी अंबरनाथ-बदलापूरलाच बिऱ्हाड करून आहेत. तेव्हा हा लेख तिकडेही धाडावा.

पहिले पाणी घाणीचे. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरातून निघालेली वालधुनी नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. मंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. ज्यांनी ते मंदिर बांधले त्यांनी नदी पाहून जागा निवडली असणार. आज त्या नदीत कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी आहे. असल्या काळ्या, मंद पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो. हा रात्रीचा, मध्यरात्रीच्या सुमारास जास्त चावणारा. हत्तीपाय रोगाचे जंतू हाच वाहून नेतो. आपल्या गावातील उघडी गटारे, शौचालयाच्या टाकीचा बिनजाळीचा पाईप, मोरीच्या पाण्याचे डबके, ही सगळी वालधुनीची लहान भावंडे.

दुसरे पाणी घरातले. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत जागा दिली गेली आणि १९४९ साली गावाला आजचे नाव मिळाले. बराकींच्या जागी पुढे घराला घर लागून दाट वस्ती झाली. जिथे नळाला ठराविक वेळीच पाणी येते तिथे पिंप, टाकी, हंडे भरून ठेवावेच लागतात. अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एडिस डासाला असले स्वच्छ साठवणीचे पाणी फार मानवते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या याचेच. हा चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्याच्या आधी. शे-दोनशे मीटरच्या पलीकडे तो सहसा जात नाही. म्हणजे डेंग्यूचा डास चावला तर तो बहुधा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्याच घरात जन्मलेला असतो!

याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, अंडी पाण्यात न सोडता भांड्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेवर चिकटवतो. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते जे सांगते त्यामागे हेच गणित आहे. ही शहराची भानगड आहे असे कोणी समजू नये. २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या बेलसर या खेड्यात, आणि झिका पसरवणारा डास हाच.

तिसरे पाणी शिवारातले, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. बदलापूरच्या आसपास अजून भातखाचरे आहेत, उल्हासचा काठ आहे, बारवी धरणाच्या बाजूचे जंगल आहे, डोंगरातून येणारे ओहोळ आहेत. पाणी स्वच्छ, उथळ, उन्हात तापलेले, काठाला गवत. हिवतापाचा अ‍ॅनॉफेलीस डास अशा ठिकाणी वाढतो. त्याची एक जात कालवे, पाट आणि डबक्यांतली, दुसरी डोंगरपायथ्याच्या सावकाश वाहणाऱ्या झऱ्यातली, तिसरी शहरातील विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांतली. तो संध्याकाळ झाल्यापासून पहाटेपर्यंत चावतो आणि एक-दोन किलोमीटर उडून जाऊ शकतो. भातखाचरांतला क्युलेक्स निराळा. तो डुकरे आणि बगळ्यांकडून जपानी मेंदूज्वराचा विषाणू उचलतो, आणि दिवस मावळल्यावर उघड्यावर, गोठ्याजवळ चावतो.

आता आपल्या उसाकडे येऊ. आपल्याकडे भातखाचर नसेल, पण सरी आहे. पाट आहे, पोटपाट आहे, कालव्याचा पाझर आहे, आणि वर्षानुवर्षे भरमसाट पाणी देऊन आपण स्वतः तयार केलेली पाणथळ, क्षारपड जमीन आहे. सरीतले पाणी एक-दोन दिवसांत मुरले तर डासाला त्याचा उपयोग नाही. पण जिथे सरीच्या शेवटच्या टोकाला आठ-दहा दिवस पाणी उभे राहते तिथे आपण उसाबरोबर डासही पिकवतो. तसल्या जागी उसाची मुळे गुदमरतात हे मी गट सभांतून सांगत आलोच आहे. चर खणून निचरा काढणे, ठिबक बसवणे, पाण्याच्या दोन पाळ्यांत जमीन वाफशावर येऊ देणे, या गोष्टी उताऱ्यासाठी सांगितल्या जातात, पण त्यांचा फायदा घरातल्या माणसांनाही होतो. आठ महिन्यांचा दाट ऊस, खाली ओल आणि लोंबणारे वाळके पान, हा डासाचा दिवसाचा निवारा आहे. वाळके पाचट काढून सरीत दाबले तर वारा खेळतो आणि तिथे दडायला जागा कमी राहते.

कोणत्या पाण्यात कोणता डास आहे हे घरबसल्या ओळखता येते. संशयित पाणी काचेच्या पांढऱ्या पेल्यात घ्यावे आणि उजेडात धरावे. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगत असेल तर ती हिवतापाच्या डासाची. डोके खाली करून तिरकी लटकत असेल तर ती क्युलेक्स किंवा एडिसची. पूर्ण वाढलेला डास भिंतीवर बसतो तेव्हाही फरक दिसतो. अ‍ॅनॉफेलीस शेपूट वर करून तिरपा बसतो, बाकीचे पाठ भिंतीला समांतर ठेवून बसतात. शाळेत जाणाऱ्या पोरांना हे एकदा दाखवून द्यावे. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

खरी अडचण रात्रीच्या पाण्याची आहे. जिथे पंपाला अजून रात्रीच्या पाळीची वीज मिळते तिथे माणूस रात्री अकरा-बाराला दारे धरायला जातो. पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय ओलात, अंगात बनियन किंवा अर्ध्या बाहीचा सदरा, आणि वेळ नेमकी अ‍ॅनॉफेलीसच्या जेवणाची. घरात मच्छरदाणी असून त्याचा काय उपयोग, जर घरातला कर्ता माणूस त्या वेळी शेतात उभा असेल? दिवसाची वीज मिळावी ही मागणी सभासद कष्टाच्या आणि साप-विंचवाच्या कारणाने करतात. त्यात हिवतापाचेही कारण जोडावे असे माझे मत आहे. तोवर जे हातात आहे ते करावे.

डास माणसाला शोधतो तो आपल्या श्वासातील वायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून. जवळ आल्यावर गडद रंगाकडे तो जास्त ओढला जातो. म्हणून रात्री शेतात जाताना पूर्ण बाहीचा, सैल, फिक्या रंगाचा सदरा घालावा. अंगाला घट्ट बसलेल्या कापडातून डास सोंड आरपार घालतो, सैलातून त्याला कातडीपर्यंत पोचता येत नाही. पायात गमबूट असला तर चावा आणि काटा दोन्हीपासून बचाव होतो, विजार बुटात खोवावी. डोक्याला टॉवेल बांधतोच, तो मानेवरून खाली सोडावा.

उघड्या राहिलेल्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे. १९४० च्या दशकात अमेरिकन लष्कराने जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी डीट नावाचे औषध काढले, ते आजही या कामी उत्तम समजले जाते. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने डेपा नावाचे औषध सैन्यासाठी तयार केले. गावच्या दुकानात मिळणारी मलमे यांच्याच जवळच्या कुळातली असतात. लावायची पद्धत मात्र चुकते. मलम ठिपक्यासारखे लावून चालत नाही, जेवढी कातडी उघडी तेवढ्या सगळ्या कातडीवर पातळ थर हवा. कपड्याच्या आत लावू नये. डोळे, ओठ, जखम टाळावी. घामाने आणि पाण्याने ते धुऊन जाते, तेव्हा वेष्टनावरील सूचना वाचून पुन्हा लावावे. लहान मुलांच्या तळहातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात. आणि मोठ्या माणसांसाठी एक खास सूचना : मलम चोळलेल्या हाताने तंबाखू मळू नये. खोबरेल तेलात कडुनिंबाचे तेल मिसळून लावण्याची रीत जुनी आहे आणि काही वेळ ती उपयोगी पडते, परंतु रात्रभर तिच्यावर विसंबू नये.

कडुनिंबाच्या पाल्याचा किंवा शेणीचा धूर केल्याने डास थोडे मागे हटतात हे खरे. परंतु दार लावून कोंडलेल्या खोलीतला धूर, मग तो पाल्याचा असो की कॉईलचा, लहान मुलांच्या छातीला वाईट. पाचटाच्या कोपीत कॉईल पेटवून झोपणे म्हणजे तर आग शेजारी घेऊन झोपणे. त्यापेक्षा वीज असेल तिथे पंखा बरा. डास दुबळा उडणारा प्राणी आहे, पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही.

सगळ्यांत भरवशाची वस्तू म्हणजे मच्छरदाणी. चांगल्या जाळीला चौरस इंचाला १५६ छिद्रे असतात. मच्छरदाणीची कड गादीखाली खोवली पाहिजे. नुसती लोंबत ठेवली तर डास खालून शिरतो आणि मग बाहेर पडायला त्याला वाट नाही, रात्रभर तो आतच जेवतो. हात किंवा गुडघा जाळीला टेकलेला असला तर डास बाहेरूनही चावतो. म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी जास्त चांगली. टिकाऊ औषधी जाळी साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षे काम देते. ती धुतल्यावर सावलीत वाळवावी आणि जाळी धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, माशांना ते विषारी आहे.

काही सभासद विचारतात, पूर्वी डीडीटीची फवारणी होत असे, तशी आता का होत नाही? या फवारणीचा इतिहास आपल्या शेजारचाच आहे. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरोघर डीडीटी फवारून हिवताप खाली आणला. १९५३ साली देशभर कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ च्या सुमारास देशातील रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले. रोग गेला असे सर्वांनाच वाटले. लक्ष ढिले पडले, डासांना औषध पचू लागले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. आपण हुमणीवर आणि खोडकिडीवर एकच औषध वर्षानुवर्षे मारतो तेव्हा काय होते, तेच इथे झाले. एकट्या औषधावर हा प्रश्न सुटत नाही.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती. उसासाठी आणलेले क्लोरपायरीफॉस किंवा दुसरे कोणतेही शेतीचे औषध घरात, गोठ्यात, कोपीत, मच्छरदाणीवर किंवा अंगावर कदापि मारू नये. जुन्या बीएचसी पावडरीची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. त्या पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे आणि कोणाच्या माळ्यावर पुडी शिल्लक असेल तर तिला हात लावू नये. साचलेल्या पाण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्याकडून अळीनाशक मिळते. विहिरीत, हौदात आणि प्लास्टिकच्या शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. नदीत, ओढ्यात मात्र गप्पी सोडू नयेत, आपल्या मूळच्या माशांना ते मारक होतात. गटाराच्या डबक्यात जळके ऑईल टाकण्याची जी रीत आहे तिने अळ्या गुदमरतात हे खरे, पण पाटात किंवा पिण्याच्या पाण्याजवळ ती वापरणे हा अविचार आहे.

डासांखेरीज दुसरे चावरे जीवही आहेत. बांधावरच्या गवतात आणि झुडपांत अतिशय बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ होती. चाव्याच्या जागी काळी खपली धरते आणि ताप येतो. अशी खपली दिसली तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी, औषध साधे आहे पण निदान उशिरा होते. पश्चिम घाटाच्या जंगलात गोचिडीपासून माकडताप होतो, २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात तो आला होता. जंगलातून लाकूडफाटा आणणाऱ्यांनी, तसेच बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला किंवा बारवीच्या रानात पावसाळी सहलीला जाणाऱ्या आपल्या पोरांनीही, विजार मोज्यात खोवावी, गवतात नुसते बसू नये आणि घरी आल्यावर सर्व अंग तपासून आंघोळ करावी. जनावरांचे म्हणाल तर २०२२ साली लम्पीने आपल्या गोठ्यांत काय हाहाकार केला ते आठवा. तो विषाणू माश्या, डास आणि गोचिडीच जनावरागणिक पोचवतात. गोठ्यातले शेण-मूत रोज काढणे हा त्यावरचा पहिला इलाज.

शेवटी ऊसतोड टोळ्यांविषयी. हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे पावसाळा संपून पाणी जागोजागी साचलेले असते त्याच दिवसांत, टोळ्या उतरतात. पाण्याची सोय म्हणून आपण त्यांना जागा देतो ती कालव्याच्या नाहीतर ओढ्याच्या काठी. कोपीला दार नाही, तान्ही मुले जमिनीवर, बैल उशाशी. बैलाच्या वासाने आलेला डास शेजारच्या माणसालाही सोडत नाही. मग टोळीत ताप निघाला की गावात म्हणतात, आजार टोळीने आणला. मला हे बोलणे पटत नाही. डास आपल्याच पाटातला असतो, आणि टोळीच्या कोपीतून तो आपल्या वस्तीवर यायला एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

कोपीसाठी जागा उंचवट्याची, पाझरापासून जितकी दूर मिळेल तितकी दूर द्यावी, पाण्यासाठी एक टाकी व झाकण आपण द्यावे. बैल बांधायची जागा आणि झोपायची जागा यांत जमेल तेवढे अंतर ठेवावे. प्रत्येक कोपीला निदान एक मच्छरदाणी, तीही आधी बाळंतीण आणि लहान मुलांसाठी. उचलीच्या रकमेच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. मुकादमाशी करार करताना तो आधीच बोलून घ्यावा.

थंडी वाजून ताप आला, मग तो सभासदाच्या घरी असो वा कोपीत, तर गोळी घेऊन अंगावर काढू नये. २४ तासांच्या आत आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, तपासणी व औषध मोफत आहे. डेंग्यूचा संशय असल्यास अ‍ॅस्पिरीनची गोळी घेऊ नये, तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताप उलटतो. त्यासाठी डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून त्या सोडू नयेत. टोळी मध्येच दुसऱ्या फडावर गेली तर राहिलेल्या गोळ्या आणि तपासणीची चिठ्ठी तिच्याबरोबर गेली पाहिजे. गटाच्या चिटबॉयने ऊसतोडीच्या चिठ्ठीबरोबर हेही विचारावे अशी सूचना मी गट कार्यालयांना दिली आहे. ज्या सभासदांच्या शेतावर यंदा टोळ्या उतरणार आहेत त्यांनी कोपीची जागा दसऱ्यापूर्वी दाखवून ठेवावी, म्हणजे शेजारचे खड्डे बुजवायला वेळ मिळेल.